सांगली: छोट्या दवाखान्यातल्या सुया आणि ड्रेसिंगचा कचरा द्यायचा कुणाकडं?

स्नेहा_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागला एका जनरल ओपीडीत रिसेप्शनचं आणि थोडं असिस्टंटचं काम बघते, नवीनच लागलेय. दोन खोल्या, ॲडमिशन नाही, एक एक्झामिनेशन टेबल आहे त्यावरच कधीमधी सलाइन लागतं, बाकी रोजची इंजेक्शनं, ड्रेसिंग, शुगर चेक. कचऱ्याची पद्धत आधीपासून चालत आलेली अशी की एक मोठी काळी पिशवी, त्यात कापूस, सिरिंज, हातमोजे, चहाचे कप सगळं एकत्र, आणि सुयांना सलाइनची रिकामी बाटली. ती भरली की तीपण काळ्या पिशवीत आणि पिशवी सकाळी घंटागाडीत.

काल संध्याकाळी झाडलोटीच्या मावशी पिशवीला गाठ मारायला गेल्या, कचरा खाली बसावा म्हणून वरून हात दाबला आणि सुई थेट तळहातात घुसली. चांगलं रक्त आलं. मावशींनी हळद दाबली आणि म्हणाल्या काय होत नाही गं, ही काय पहिली वेळ हाय का. ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. म्हणजे हे आधी पण झालंय आणि कुणी कुठं लिहून पण ठेवलेलं नाही.

डॉक्टर माणूस चांगले आहेत, ऐकून घेतात, पण त्यांचं म्हणणं आपला दवाखाना एवढासा, बेड नाहीत, तो नियम मोठ्या हॉस्पिटलांना असतो. खरंच तसं आहे का? आणि नसेल तर सुरुवात कुठनं करायची ते कुणीतरी नीट समजावून सांगा, मला पोस्टर नकोय, भिंतीवर एक आहेच, रंग उडालेलं.


सिस्टर_मिरज

स्नेहा बाळ, बाकीचं नंतर वाच, आधी मावशींना घेऊन आत्ता सिव्हिलला जा. खरंच आत्ता. सुई टोचली की जागा साबण-पाण्यानं धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, हळद-चुना-स्पिरिट काही चोळायचं नाही. कॅज्युअल्टीत सांगायचं की वापरलेली सुई टोचलीय, पेशंट कोण माहीत नाही. एचआयव्हीसाठी ज्या प्रतिबंधक गोळ्या असतात त्या पहिल्या दोन तासात सुरू झाल्या तर उत्तम, आणि ७२ तासांच्या पुढं त्यांचा उपयोग धरत नाहीत. द्यायच्या की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील, दिल्या तर २८ दिवस न चुकता घ्यायच्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्याच वेळी एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी तिन्हीचं रक्त तपासायला द्या, आणि टीटीचं विचारा.

लोक एचआयव्हीला घाबरतात पण मावशींसारख्या लस न घेतलेल्या माणसाला खरा धोका हेपेटायटिस बीचा. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के धरतात, हेपेटायटिस सीची दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आणि बीची लस नसेल तर ३० टक्क्यांपर्यंत जाते. आणि या तिघांत लस आहे ती फक्त बीलाच. तीन डोस असतात, आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यानं. पहिला डोस आजच द्यायला सांग, आणि त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, लागतंय का तेपण विचार, ते जितक्या लवकर तितकं बरं, शक्यतो २४ तासाच्या आत.

मावशी म्हणतील कामाचा खाडा होईल, पैसे कापतील. डॉक्टरांना सांग खाडा धरायचा नाही. जाऊन या मग बाकीचं लिहिते.


पिकअप_दादा

मी दवाखान्याचा कचरा उचलायच्या गाडीवर हाय, किती वर्षं झाली विचारू नका. सिस्टर बोलल्या ते बरोबर, आधी मावशींना न्या.

नियम मोठ्यांनाच असतो हे चुकीचं हाय. आमच्या गाडीला चार बेडचं हॉस्पिटल पण असतंय, एका खुर्चीचा दातांचा दवाखाना पण असतोय, लॅब असत्यात, जनावरांचा दवाखाना पण असतोय. रक्तदान शिबिर असलं तरी फोन येतो. काळ्या पिशवीतनं घंटागाडीत सुया टाकणं बंदच करा ओ ताई. घंटागाडीवरची पोरं आमच्यातलीच हायत, त्यांच्याकडं आमच्यासारखे जाड हातमोजे पण नसत्यात बऱ्याचदा, पिशवी फोडून ओला-सुका वेगळा करत्यात ते हातानं. तुमच्या मावशींना जी सुई लागली ती लागली नसती तर सकाळी त्या पोराला लागली असती.

पिशवी उचलताना आमची सवय असत्या बघा, अंगापासनं लांब धरायची, मांडीला लागू द्यायची नाही. कारण वापरलेल्या प्लास्टिकच्या लाल पिशवीतनं सुईचं टोक बाहेर आलेलं असतंय आणि लाल पिशवीत सुई यायलाच नको खरं तर. कापूस-ड्रेसिंगच्या पिवळ्या पिशवीत आम्हाला शहाळी सापडत्यात, वडापावचे कागद, उसाच्या रसाचे ग्लास. पेशंटच्या नातेवाइकानं जवळ दिसली ती बादली वापरली, त्याला काय माहीत. पण वजन आमच्याकडं होतंय, बारकोड स्कॅन होतोय, तुमच्या नावावर ते शहाळ्याचं वजन चढतंय आणि ते पण भट्टीत जळतंय. सलाइनची बाटली अर्धी भरलेली पिशवीत टाकत्यात, ती गळती, गाडीत खाली सगळं पाणी. तेवढी रिकामी करून टाकत जावा.


स्नेहा_विश्रामबाग

जाऊन आलो. डॉक्टर स्वतः सोबत आले सिव्हिलला. गोळ्या सुरू केल्यात, रक्त दिलंय, बीचा पहिला डोस झाला. मावशी घाबरल्यात आता, आधी काहीच वाटत नव्हतं त्यांना, आता रडायला लागल्या होत्या. सिस्टर, दादा, दोघांचे खूप आभार.

डॉक्टर म्हणाले की आता सगळं नीट करूया, तू विचारून यादी काढ. तर सांगा आता, दोन खोल्यांत किती डबे ठेवायचे, कुठं ठेवायचे, आणि कशात काय?


सिस्टर_मिरज

बरं झालं गेलात. मावशींना सांग रक्त परत सहा आठवड्यानं आणि तीन महिन्यानं द्यायचं, तारखा तू वहीत लिहून ठेव, त्या विसरतील. आणि गोळ्यांनी मळमळलं तर आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, तिथंच जाऊन सांगायचं.

आता डबे. आयुष्यभर वॉर्ड सांभाळला त्यातनं एक सांगते, कचरा वेगळा करायचा तो ज्याच्या हातातनं पडतो त्यानं, पडतानाच. एकदा एकत्र झालेला कचरा नंतर निवडायला बसवणं म्हणजे मावशींना सुयांच्या ढिगात हात घालायला लावणं, ते कधीही करायचं नाही. म्हणून डबा कोपऱ्यात, संडासापाशी, बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवून उपयोग नाही. इंजेक्शन जिथं देता त्या टेबलाच्या उजव्या हाताला नीडल कटर पाहिजे, म्हणजे सुई दंडातनं निघाली की एक पाऊल पण न चालता कटरमध्ये. टोपण परत लावायचं नाही. बऱ्याच सुया टोपण लावतानाच टोचतात, मी नवीन मुलींना पहिल्या दिवशी हेच दाखवायची.

कटरमध्ये सुई तुटून खालच्या पांढऱ्या डब्यात पडते, सिरिंजचं प्लास्टिक हातात राहतं ते लाल पिशवीत. पांढरा डबा म्हणजे जाड, न टोचला जाणारा, न गळणारा आणि एकदा झाकण लावलं की परत न उघडणारा. त्यात सुया, ब्लेड, शुगर तपासायची लॅन्सेट, सुई फिक्स असलेली इन्सुलिनची सिरिंज अख्खीच. सलाइनची बाटली हा पांढरा डबा नव्हे, तिच्यातनं सुई आरपार येते, तुमच्याकडं झालंच ते. तीन चतुर्थांश भरला की झाकण लावून बंद, एका डब्यातनं दुसऱ्यात ओतायचं नाही.

लाल पिशवीत प्लास्टिक-रबर: सिरिंज, आयव्ही सेट, सलाइनची बाटली, कॅथेटर, युरिन बॅग, हातमोजे. पिवळ्यात कापूस, गॉज, बँडेज, प्लास्टर, रक्त-पू लागलेलं सगळं, मुदत संपलेली औषधं. काचेच्या व्हायल आणि ॲम्प्यूल निळ्या खुणेच्या डब्यात, फुटलेली काच पण तिथंच, आणि हा डबापण न टोचणारा पाहिजे, पिशवी नको. सिरिंजचं कागदी वेष्टन, औषधांचे खोके, चहाचे कप हे साध्या कचऱ्यात, घंटागाडीला. हेच लोकांना पटत नाही बघ, दवाखान्यातला बहुतेक कचरा साधाच असतो, जागतिक आरोग्य संघटना सुद्धा ८५ टक्के साधा धरते. पण त्यात एक रक्ताचा बोळा टाकला की अख्खी पिशवी दूषित.

लाल आणि पिवळा एकमेकात का चालत नाही ते पण मावशींना सांग, कारण समजलं की माणूस पाळतो. पिवळं भट्टीत जळतं. लाल वाफेवर निर्जंतुक करून तुकडे करतात आणि ते प्लास्टिक पुढं वापरात जातं. सलाइनची नळी पिवळ्यात गेली तर ते क्लोरीनचं प्लास्टिक जळतं आणि त्यातनं डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात. आणि कापूस लालमध्ये गेला तर तो त्या प्लास्टिकमध्ये अडकून बसतो.


दंतवैद्य_सातारा

सिस्टरांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त कागदोपत्री बाजू आणि थोडं माझ्या कामातलं लिहितो. साताऱ्यात माझा एका खुर्चीचा दवाखाना आहे.

२८ मार्च २०१६ ला बायोमेडिकल वेस्टचे नवीन नियम आले (त्याआधीचे १९९८ चे होते), त्यात क्लिनिक, डिस्पेन्सरी, आयुषवाले, लॅब, लसीकरणाचे कॅम्प, अगदी शाळेतली फर्स्ट एड रूम सुद्धा धरलेली आहे. त्यामुळं बेड नाही म्हणून सुटका नाही. बेड नसलेल्यांना फायदा एवढाच की एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) परवानगी एकदाच काढायची, दरवर्षी रिन्यूअलची कटकट नाही, आणि अर्ज नीट कागदपत्रांसह दिला आणि ९० दिवसांत हरकत आली नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. अर्ज फॉर्म दोनमध्ये. दरवर्षीचा रिपोर्ट फॉर्म चारमध्ये ३० जूनच्या आत, त्यात आधीच्या वर्षाचं वजन रंगाप्रमाणं लिहायचं असतं, म्हणून रोज वहीत लिहिलेलं बरं, जूनमध्ये आठवून लिहायला जाल तर काहीच जुळणार नाही. रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचं.

स्नेहाताई, मावशींना सुई टोचली ती पण तुमच्या रजिस्टरमध्ये नोंद करा, अपघाताच्या नोंदीसाठी वेगळा फॉर्म आहे. आणि नियमात असंही आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामाला लागताना आणि मग वर्षातून एकदा तरी तब्येत तपासायची, ट्रेनिंग पण तसंच. यात झाडणाऱ्या मावशीच सगळ्यात आधी येतात पण बहुतेक ठिकाणी डॉक्टर आणि नर्सना लस होते आणि मावशी राहून जातात. माझ्या मते सगळ्या नियमांतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा.

हायपोक्लोराइटबद्दल (जंतू मारायचं ब्लीचसारखं द्रावण) एक. बऱ्याच ठिकाणी अजून सिरिंज बादलीत भिजत घालतात, मग मावशी त्यातनं हातानं काढून पिशवीत भरतात, म्हणजे सुईचा धोका उलट वाढतो. तशी गरज नाही, लाल पिशवीतलं पुढं निर्जंतुक होतंच. आपल्या इथं आधी निर्जंतुक करून द्यायचं ते लॅबचं, म्हणजे रक्ताचे नमुने, कल्चर वगैरे. हायपो लागतं ते रक्त सांडलं तर आणि दवाखान्यातलं द्रव ड्रेनेजला सोडायच्या आधी. एक ते दोन टक्क्यांचं. बाटलीवर पाच टक्के लिहिलेलं असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी म्हणजे एक टक्का. रोज ताजं करायचं, उन्हात ठेवायचं नाही, कालचं आज वापरलं तर त्यात जोर राहात नाही.

आमच्या दातांच्या लोकांसाठी: काढलेला दात पिवळ्यात, पण त्यात चांदीचं जुनं फिलिंग असेल तर नाही, त्यात पारा असतो आणि भट्टीत गेला की हवेत जातो. तो वेगळ्या घट्ट बरणीत ठेवा. पाऱ्याचं बीपी मशीन किंवा थर्मामीटर फुटलं तर झाडूनं झाडू नका, गोळ्या बारीक होऊन सगळीकडं पसरतात, जाड कागदानं गोळा करून पाण्याच्या बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवा, आणि ती बाटली पिवळ्यात टाकू नका.


ग्रामीण_प्रॅक्टिस

मी तासगाव बाजूला प्रॅक्टिस करतो. हे सगळं वाचायला छान आहे, पण प्रत्यक्षात छोट्या डॉक्टरला जड जातं हे पण कुणीतरी लिहायला पाहिजे. पेशंट इंजेक्शनचे पैसे देताना घासाघीस करतो. एजन्सीचे दर महिन्याला पैसे, चार रंगाच्या पिशव्या, कटर, ऑनलाइन अर्ज, आणि गाडी येते ती आठवड्यातनं दोनदा. माझा अख्ख्या आठवड्याचा पिवळा कचरा एका छोट्या पिशवीत मावतो. मग तो मागच्या आवारात खड्ड्यात टाकला किंवा जाळला तर असं काय बिघडतं, हा प्रामाणिक प्रश्न आहे, वाद घालायचा नाही.


दंतवैद्य_सातारा

डॉक्टरसाहेब, खर्चाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मला पण तो लागतोच. पण जाळायचं नका करू. सरकारी मान्यतेची भट्टी दोन टप्प्यांत चालते, पहिल्या चेंबरला ८०० आणि दुसऱ्याला १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास, धूर दुसऱ्या चेंबरमध्ये किमान दोन सेकंद राहायला लागतो. आवारातल्या आगीला ते तापमान येत नाही, प्लास्टिक अर्धवट जळतं आणि सुया राखेत तशाच राहतात, मग त्या राखेत खेळणारी पोरं, उकिरड्यावरची कुत्री. खोल खड्ड्याला परवानगी आहे ती फक्त जिथं कॉमन फॅसिलिटीची (सगळ्या दवाखान्यांच्या कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या सामायिक केंद्राची) सोय पोचत नाही अशा दुर्गम भागात, आणि ती पण मंजुरी घेऊन, ठरलेल्या मापानं. ७५ किलोमीटरच्या आत कॉमन फॅसिलिटी असेल तर स्वतःची सोय करता येत नाही.

दोनदा गाडी येते त्याचं: प्रक्रिया न केलेला पिवळा कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. तर एजन्सीला लेखी द्या, आणि गल्लीतले दोन-चार दवाखाने मिळून एकच वार आणि वेळ मागा, गाडीला एका फेरीत सगळे मिळाले की ते पण येतात. आमच्या भागात असंच जमलं, एकेकट्यानं फोन करत होतो तेव्हा कुणी दाद देत नव्हतं.


सिस्टर_मिरज

डॉक्टर, तुमचा प्रश्न मनापासून आहे म्हणून मी पण मनापासून सांगते. २००९ साली गुजरातमध्ये मोडासाला हेपेटायटिस बीची साथ आली होती, वापरलेल्या सिरिंज परत परत वापरल्या गेल्या होत्या, कितीतरी माणसं दगावली. वापरलेल्या सिरिंजा परत बाजारात जाण्याचा धंदा किती मोठा आहे ते तेव्हा सगळ्यांना कळलं. तुमच्या छोट्या पिशवीतली धड सिरिंज भंगारवाल्याच्या हाताला लागली तर ती कुठं जाईल हे तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही. म्हणून कटर पाहिजेच, सुई तुटली आणि नळीचं टोक कापलं गेलं की ती परत कुणी वापरू शकत नाही. बाकी कशाचा खर्च पुढं-मागं होईल पण कटर आणि पांढरा डबा आजच आणा, त्याला काही फार पैसे लागत नाहीत.


गावभाग_सांगली

मी डॉक्टर नाही पण पूरपट्ट्यात राहतो म्हणून लिहितोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गल्लीतले तळमजल्यावरचे सगळे दवाखाने, लॅब, मेडिकल पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर रस्त्यावर गाळ आणि घराघरातलं सामान काढून जे ढीग लागले त्यात सलाइनच्या नळ्या, छोट्या काचेच्या बाटल्या, पिवळ्या पिशव्या सगळं होतं. आणि तो गाळ आम्ही सगळे, बाहेरनं आलेली स्वयंसेवक पोरं, फावड्यानं आणि हातानं काढत होतो, बऱ्याच जणांच्या पायात स्लीपर. कुणाला दोष देत नाही, पाणी एवढं येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

पण ताई, तुमचा दवाखाना विश्रामबागला म्हणजे उंचावर, तरी ज्यांचे गावभागात, टिळक चौकात, कर्नाळ रोडला आहेत त्यांनी पावसाळ्यात हे डबे खाली ठेवू नयेत. आयर्विनला ४० फुटांचा इशारा आला की आपण गाड्या, गॅस, धान्य हलवतो ना, त्याच वेळी एजन्सीला फोन करून कचरा उचलायला लावायचा. ४५ ची धोक्याची पातळी गाठल्यावर गाडी गल्लीत येणारच नाही.


पिकअप_दादा

गावभागवाले भाऊ, एकदम बरोबर. पावसाळ्यात आधी फोन करा, आम्ही येतो. पाणी आल्यावर कुठनं येणार.

ताईंना अजून थोडं. पिशवी तीन चतुर्थांश भरली की बांधायची, दाबून भरायची नाही, मावशींना हेच झालं. मानेला गाठ, आणि गाठीवर बारकोडचं स्टिकर, पोटावर चिकटवला तर पिशवी दुमडली की स्कॅन होत नाही. आणि गाडी आली की पोराच्या हातात द्या, पायरीवर ठेवून जाऊ नका, कुत्री ओढत्यात. तुम्ही मिश्र कचरा दिला तर आम्हाला वर कळवावं लागतंय, ते नियमात हाय, राग मानू नका. पण ट्रेनिंगला माणूस पाठवा म्हटलं तर एजन्सी पाठवती, मागून घ्या.


सदरबझार_सातारा

विषय जरा वेगळा आहे पण इथंच विचारतो. वडिलांना दिवसातून दोन वेळा इन्सुलिन आहे, पेन वापरतो. वापरलेल्या सुया आत्तापर्यंत कागदात गुंडाळून घंटागाडीत देत होतो, वरचं पिकअप दादांचं वाचलं आणि कसंतरी झालं. घरच्या माणसानं काय करायचं? आम्ही काय परवानगी काढायची?


सिस्टर_मिरज

नाही हो, घराला परवानगी नाही लागत. पण कागदात नको, कागद ओला झाला की सुई बाहेर. फिनाइलची किंवा फॅब्रिक कंडिशनरची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, पाण्याची पातळ नको. पेनवरनं सुई काढली की बाटलीत, मोठं टोपण असतं ते लावून फिरवून काढायची, आतल्या छोट्या टोपणाच्या नादाला लागायचं नाही. बाटली कपाटात वर, नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी. भरत आली की झाकणाला चिकटपट्टी गुंडाळून वर मार्करनं ठळक "सुया" लिहा. घरातल्या सुया आणि जुनी औषधं हा घातक कचरा धरतात, ओल्या-सुक्यात द्यायचा नसतो. वडिलांना जिथं दाखवता त्या दवाखान्यात विचारा, त्यांच्याकडं पांढरा डबा असणारच, बरेच डॉक्टर घेतात. कोणी घेतच नसेल तर नगरपालिकेच्या माणसाच्या हातात वेगळी द्या, तोंडानं सांगून की यात सुया आहेत.


स्नेहा_विश्रामबाग

सगळ्यांचं वाचून डॉक्टरांना प्रिंट काढून दिलं. कटर आणि पांढरा डबा आणला, टेबलाच्या उजव्या बाजूला लावला, सिस्टर म्हणाल्या तसा. सलाइनची बाटली बंद. एजन्सीला फोन झाला, त्यांनी फॉर्म पाठवलाय, एमपीसीबीचा अर्ज डॉक्टर स्वतः भरतायत. वेटिंगमध्ये साध्या कचऱ्याची वेगळी बादली ठेवली आणि आतल्या खोलीत नातेवाइकांना कप-बिप घेऊन यायला मनाई केली. आमच्या इथं पण इन्सुलिनचे पेशंट बरेच आहेत, त्यांना बंद बाटली आणून द्या म्हणून बोर्ड लावायचं ठरलंय, आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये वर एक लॅब आणि एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना विचारून गाडीचा एकच वार घेणार.

एक राहिलं. बीचे तीन डोस झाल्यावर मावशींना लस लागू पडली का ते कसं कळणार? मी पण घेतेय, मलाही नव्हती.


सिस्टर_मिरज

तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातली अँटीबॉडी तपासायची, अँटी एचबीएस म्हणतात, लॅबला तेच नाव सांग. १० किंवा त्याच्या वर आली म्हणजे लागू पडली. १० च्या खाली आली तर तीन डोस परत घ्यायचे आणि परत तपासायचं. रिपोर्ट मावशींच्या हातात पण एक कॉपी दे, त्या उद्या दुसऱ्या दवाखान्यात कामाला गेल्या आणि तिथं सुई टोचली तर तो कागद त्यांच्याजवळ असला पाहिजे. आणि बाळ, डोस सुरू झाला म्हणजे झालं असं समजून हातमोजे सोडायचे नाहीत, सी आणि एचआयव्हीला लस नाही.